मेंदूतली साधी गाठ आणि गॅमा नाइफ: पहिल्या रिपोर्टपासून वर्षावर्षाच्या एमआरआयपर्यंत

एमआरआयच्या रिपोर्टवर ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’, ‘मेनिंजिओमा’ किंवा ‘पिट्युइटरी अॅडिनोमा’ यांपैकी एखादं नाव आलंय आणि डॉक्टर म्हणालेत, ‘साधी गाठ आहे, रेडिओसर्जरीचा विचार करू’? मग हे तुमच्यासाठी लिहिलंय. रेडिओसर्जरी म्हणजे कापाकापी न करता गाठीवर नेमके किरण सोडून केलेला उपचार आणि गॅमा नाइफ हे त्याचं एक मशीन.

माझी गाठ डाव्या कानाच्या नसेवरची, म्हणजे व्हेस्टिब्युलर श्वानोमा. पूर्वी हिला अकूस्टिक न्यूरोमा म्हणत, अजूनही बरेच डॉक्टर तेच म्हणतात. उपचार मुंबईत झाला, गॅमा नाइफवर. मी डॉक्टर नाही, सांगलीत शाळेत गणित शिकवते. त्यामुळे समोरच्याला प्रश्न विचारून हैराण करायची सवय आहे आणि इथे ती उपयोगी पडली. तुमच्या गाठीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे. त्यांच्यासमोर बसण्याआधी तुम्हाला काय माहीत असावं, एवढंच मी सांगू शकते.

दोन गोष्टी आधीच सांगते. साध्या गाठीत बहुतेक वेळा हातात वेळ असतो. आणि या उपचाराने गाठ काढली जात नाही, तिची वाढ थांबवली जाते. नातेवाइकांचे निम्मे प्रश्न आणि आपले निम्मे घोटाळे या दोन गोष्टी नीट न कळल्यामुळे होतात.

१. गाठ कुठली, केवढी आणि वाढतेय का, हे आधी पाहा

‘साधी’ म्हणजे कॅन्सरची नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. पण कवटीत जागा मोजकीच असते, म्हणून साधी गाठसुद्धा शेजारच्या नसा दाबू शकते. रिपोर्टमधला सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे गाठीचं मिलिमीटरमधलं माप. ते वहीत तारखेसकट लिहून ठेवा.

कानाच्या नसेवरच्या लहान गाठी बऱ्याचदा वर्षानुवर्षं जागच्या जागी राहतात. वाढल्या तरी सरासरी वर्षाला १ ते २ मिलिमीटर. त्यामुळे डॉक्टर ‘सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करू’ म्हणाले तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. वाट पाहणं हाही उपचाराचा मान्य मार्ग आहे.

पिट्युइटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोनची ग्रंथी. तिच्या गाठीबद्दल एक सूचना. प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन जास्त बनवणारी गाठ असेल, तर सहसा पहिला उपचार गोळ्यांचा असतो. रेडिएशनचा नंबर पुष्कळ नंतर. म्हणून हार्मोनच्या रक्ततपासण्या झालेल्या नसताना कुणी थेट मशीनची तारीख देत असेल, तर एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांना, दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. मशीन नेमकं करतं काय

स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये स्टॉकहोमला पहिलं गॅमा नाइफ सुरू झालं. आजच्या मशीनमध्ये कोबाल्ट-६० चे १९२ स्रोत असतात. प्रत्येकातून निघणारा किरण एकटा इतका क्षीण असतो की वाटेतल्या मेंदूला तो फारसं काही करत नाही. सगळे किरण जिथे एकत्र येतात, तिथेच डोस मोठा होतो. ती जागा गाठीच्या आकाराबरहुकूम बसवायची, हे सगळं कसब. गाठीच्या कडेबाहेर डोस काही मिलिमीटरमध्येच झपाट्याने उतरतो.

कानाच्या नसेवरच्या गाठीला कडेशी साधारण १२ ते १३ ग्रे (ग्रे हे किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस देतात, तोही एकाच बैठकीत. कापाकापी नाही, टाके नाहीत. गाठीच्या पेशींची वाढण्याची क्षमता हळूहळू जाते. हळूहळू म्हणजे महिने आणि वर्षं.

सायबरनाइफ आणि लिनॅक ही यंत्रं हेच काम कोबाल्टऐवजी क्ष-किरणांनी करतात. सायबरनाइफमध्ये क्ष-किरणांचं यंत्र रोबोटच्या हातावर बसवलेलं असतं. डोक्याला फ्रेम लागत नाही, मास्क असतो आणि डोस बऱ्याचदा ३ ते ५ दिवसांत विभागून देतात. ‘कुठलं चांगलं?’ हा प्रश्न मीही विचारला होता. तुमच्यासारख्या गाठींवर तिथली टीम रोज काम करते का, हा प्रश्न त्याहून कामाचा.

३. हा उपचार कुणाला चालत नाही

घरात बसून चर्चा करण्याआधी हे वाचा, कारण इथेच बऱ्याच जणांचा मार्ग ठरून जातो.

गाठ साधारण ३ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, ब्रेनस्टेमला (मेंदू आणि मणक्यातल्या मज्जारज्जूला जोडणाऱ्या भागाला) जोरात दाबत असेल किंवा मेंदूत पाणी साठायला लागलं असेल, तर रेडिएशनने दाब लगेच कमी होत नाही. उलट सुरुवातीला सूज येऊन तो वाढू शकतो. तिथे ऑपरेशनच. अनेकदा सर्जन धोक्याच्या नसेला चिकटलेला भाग मुद्दाम ठेवून बाकीची गाठ काढतात आणि त्या उरलेल्या भागावर नंतर रेडिओसर्जरी करतात. याला अर्धवट ऑपरेशन म्हणून नाक मुरडू नका. चेहऱ्याची नस वाचवण्यासाठी ते तसं ठरवून केलेलं असतं.

मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणावरची गाठ) किंवा पिट्युइटरीची गाठ डोळ्याच्या नसेला टेकलेली असेल, तर एका बैठकीतला मोठा डोस नजरेला धोक्याचा. ती नस एका वेळी साधारण ८ ते १० ग्रेच्या आतच ठेवावी लागते. मध्ये काही मिलिमीटरचीही फट नसेल, तर लहान लहान डोसचं पाच-सहा आठवड्यांचं रेडिएशन सुचवतात. ते ऐकून ‘इतके दिवस म्हणजे आपलं प्रकरण गंभीर’ असं वाटतं. तसं नसतं. नजर सांभाळायची म्हणून ते लांबवलेलं असतं.

आणखी एक बाजू, जी फार कमी ठिकाणी आपणहून सांगतात. रेडिओसर्जरीत गाठीचा तुकडा तपासायला जात नाही. निदान एमआरआयवरूनच असतं. चित्र नेहमीसारखं दिसत नसेल, तर डॉक्टर आधी ऑपरेशनचा आग्रह धरतात आणि तो योग्य असतो. शिवाय पुढे कधी ऑपरेशन करायची वेळ आलीच, तर रेडिएशन घेतलेली गाठ नसांपासून सोडवणं काहीसं अवघड जातं. हे विचारात धरून निर्णय घ्या.

४. फाइल तयार करा

एक जाड फाइल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा:

– एमआरआयची सीडी. फक्त फिल्म आणि रिपोर्ट चालत नाही. सीडी मिळाल्यावर ती उघडते का, हे घरच्या किंवा सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर पाहून घ्या.
– जुना एमआरआय किंवा सीटी स्कॅन, कितीही जुना असला तरी. गाठ वाढतेय का, हे त्यावरूनच कळतं.
– कानाची गाठ असेल तर ऑडिओग्राम. नुसता आवाज किती ऐकू येतो एवढाच नको, शब्द किती कळतात ती चाचणीही करून घ्या.
– गाठ डोळ्याच्या नसेजवळ असेल तर नजरेची आणि व्हिज्युअल फील्डची (बाजूचं किती दिसतं त्याची) तपासणी. पिट्युइटरी असेल तर हार्मोनचे सगळे रिपोर्ट.
– क्रिएटिनिन. कॉन्ट्रास्टचं, म्हणजे गाठ स्कॅनवर उठून दिसावी म्हणून द्यायच्या औषधाचं, इंजेक्शन द्यायचं तर किडनी ठीक आहे का ते बघतात.
– चालू गोळ्यांची यादी, अॅलर्जी, आधीच्या ऑपरेशनचे कागद. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, शरीरात बसवलेली क्लिप किंवा रॉड असेल तर त्याचं कार्ड.
– आधार, रेशनकार्ड, विम्याचं कार्ड आणि पॉलिसीची पूर्ण प्रत, म्हणजे अटींची पानंसुद्धा.

ऑडिओग्राम उपचाराआधी कराच. पुढे ऐकणं कमी झालं तर ते कधीपासून आणि किती, हे त्याच्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

गावाकडे नवा एमआरआय करण्याआधी मोठ्या रुग्णालयात फोन करून विचारा. त्यांना कॉन्ट्रास्टसह, अगदी पातळ काप असलेला एमआरआय लागतो. साधा केला तर तो पुन्हा करावा लागतो आणि दोन्हींचे पैसे आपलेच. गॅमा नाइफसाठी उपचाराच्या दिवशी त्यांच्याकडे एमआरआय होतोच, तेव्हा मधला एखादा वाचूही शकतो.

५. केंद्र निवडताना

मुंबईत हिंदुजा, दिल्लीत एम्स, चंडीगडला पीजीआय आणि बंगळुरूला निमहान्स इथे गॅमा नाइफ आहे. लिनॅकवरची रेडिओसर्जरी पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत होते. सरकारी संस्थांत खर्च पुष्कळ कमी, पण तारीख लांबची मिळते. साध्या, न दाबणाऱ्या गाठीला थोडं थांबणं परवडतं का, हे डॉक्टरांना सरळ विचारा. बऱ्याचदा परवडतं.

दोन मतं घ्या आणि दोन वेगळ्या बाजूंची घ्या. एक ऑपरेशन करणाऱ्या न्यूरोसर्जनचं, एक रेडिओसर्जरी करणाऱ्याचं. माणूस आपल्या हातातलं हत्यार आधी सुचवतो, यात फसवणूक नसते. कुणाला वाईट वाटेल म्हणून दुसरं मत टाळू नका. चांगले डॉक्टर स्वतःच सीडी घेऊन जा म्हणतात.

ओपीडीत विचारायचे प्रश्न मी कागदावर लिहून नेले होते. तिथे गेल्यावर सगळं विसरायला होतं.

– माझ्या गाठीला उपचार न करता थांबलं तर काय होईल?
– डोस किती आणि एका बैठकीत की विभागून? कारण काय?
– ऐकण्याचं, चेहऱ्याच्या नसेचं, नजरेचं काय होण्याची शक्यता आहे?
– फ्रेम की मास्क?
– कोबाल्टचे स्रोत कधी बदलले? कोबाल्टची ताकद दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. स्रोत जुने म्हणून डोस कमी पडत नाही, पण तेवढाच डोस द्यायला मशीनमध्ये जास्त वेळ झोपावं लागतं.
– सहा महिन्यांनी काही झालं तर फोन कुणाला करायचा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नावानिशी मिळालं पाहिजे.

६. पैसे आणि विमा: सगळ्यात जास्त सापळे इथे

खाजगी रुग्णालयात खर्च लाखांत जातो. इस्टिमेट लेखी घ्या आणि त्यात एमआरआय, खोली, फ्रेम, औषधं आहेत की वेगळी, ते विचारा.

मेडिक्लेम असेल तर दोन अडचणी येतात. पहिली: ‘२४ तास भरती नाही, म्हणून क्लेम नाही’ असं ऐकवलं जातं. विमा नियामकाने ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येत नाही असं ठरवलंय, त्या १२ उपचारांच्या यादीत स्टिरिओटॅक्टिक रेडिओसर्जरी आहे. पॉलिसीत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ हा मथळा शोधा. दुसरी अडचण तिथेच सापडते: या उपचारांना कंपनी मर्यादा घालू शकते. विमा पाच लाखांचा आणि रेडिओसर्जरीला त्याच्या काही टक्केच, असं असू शकतं. प्री-ऑथरायझेशन, म्हणजे विमा कंपनीची आगाऊ मंजुरी, आधी घ्या. टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर ‘होऊन जाईल’ म्हणाले तरी मेल आल्याशिवाय तारीख पक्की समजू नका.

क्रिटिकल इलनेसची वेगळी पॉलिसी असेल तर तीही काढून वाचा. मेंदूच्या साध्या गाठीची जी ठरावीक व्याख्या विमा कंपन्या वापरतात, तिच्यात ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेलं असलं तर क्लेम बसतो. पिट्युइटरीच्या गाठी मात्र त्या व्याख्येतून वगळलेल्या आहेत. डिस्चार्ज समरीवर गाठीचं पूर्ण नाव आणि रेडिएशन दिल्याचा स्पष्ट उल्लेख आहे ना, हे घरी निघण्यापूर्वी वाचा. नंतर तो बदलून घेणं म्हणजे नुसते हेलपाटे.

विमा नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण तुमचं रुग्णालय योजनेत आहे का आणि तुमचा नेमका उपचार त्या रुग्णालयात मंजूर होतो का, हे तिथल्या आरोग्यमित्रालाच (रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला) विचारा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तिथल्या समाजसेवकाला भेटावं लागतं. मुख्यमंत्री सहायता निधीसाठीही उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट आणि खर्चाचं इस्टिमेट लागतं. अर्ज उपचाराआधी करायचा, बिल भरून झाल्यावर नाही. दाखला काढायला वेळ जातो, म्हणून निदान झालं त्याच आठवड्यात तहसीलला जा.

७. आदल्या दिवशी

डोकं स्वच्छ धुवा. तेल नको, जेल नको, मेंदी नको. केस सहसा कापत नाहीत आणि नंतर गळतही नाहीत, ही बायकांची पहिली शंका असते म्हणून सांगितलं. मंगळसूत्र, जोडवी, नथ, कानातलं घरीच ठेवा, कारण एमआरआयच्या दाराशी ते काढायला लावतातच. घट्ट बसलेली जोडवी तिथे साबण लावून काढायची वेळ आणू नका.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर कधी बंद करायच्या, हे आधी विचारा. फिटच्या, बीपीच्या गोळ्या स्वतःहून चुकवू नका. दिवस राहिले असण्याची शंका असेल तर आधीच सांगा.

सोबत एक माणूस पुरे. तो मात्र शांत डोक्याचा हवा आणि त्याच्या फोनचं चार्जिंग पूर्ण हवं.

८. तो दिवस

सकाळी फ्रेम बसवतात. कपाळावर दोन आणि मागे दोन ठिकाणी बधिर करायची इंजेक्शनं देतात. पूर्ण दिवसात खरं दुखतं ते हेच, आणि तेही थोडाच वेळ. मग चार पिना आवळतात. तेव्हा दुखत नाही, पण कुणी डोक्याला ओलं फडकं घट्ट पिळून बांधल्यासारखा दाब येतो. काही मिनिटांत त्याची सवय होते. पिना कवटीच्या आत जात नाहीत, वरच्या हाडावर टेकतात.

फ्रेमसकट एमआरआय होतो. मग आपण खोलीत बसतो आणि न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आणि मेडिकल फिजिसिस्ट कॉम्प्युटरवर आखणी करतात. हा थांबण्याचा वेळ सगळ्यात कंटाळवाणा. पुस्तक आणलं तरी फ्रेममुळे मान खाली घालून वाचता येत नाही. ऐकायला काहीतरी आणा. चहा प्यायला स्ट्रॉ मागा. आणि फ्रेममधला फोटो भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. तो बघून लोक रात्रीच्या गाडीने निघतात.

मशीनमध्ये काहीच जाणवत नाही. झोपायचं, फ्रेम अडकवतात, टेबल आत सरकतं. आवाज नाही, ऊब नाही. बाहेरून तुम्हाला बघत असतात आणि बोलताही येतं. लागणारा वेळ गाठीच्या आकारावर आणि कोबाल्टच्या वयावर, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत. लघवीला आधीच जाऊन या.

मास्कवर उपचार असेल तर चेहऱ्यावर गरम, मऊ जाळी बसवून तिचा साचा करतात. पिना नाहीत, पण बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी आधीच सांगावं.

फ्रेम काढल्यावर डोकं ठणकतं, पट्टी बांधतात. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सोडतात.

९. घरी आल्यावर

तुमच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. नातवंडांना जवळ घ्या, गरोदर सुनेशेजारी बसा, ताट वेगळं करू नका. हे घरातल्या मोठ्या माणसांना डॉक्टरांकडूनच ऐकवलेलं बरं.

कपाळाची सूज कधीकधी डोळ्यांवर उतरते आणि दोन-तीन दिवसांत जाते. पिनांच्या जागा कोरड्या ठेवा. केस धुणं डॉक्टर सांगतील तेव्हा, कलप जखमा पूर्ण भरल्यावरच. तिथे पू किंवा ताप आला तर दाखवा. डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड दिलं असेल आणि मधुमेह असेल, तर साखर रोज तपासा. ती हमखास चढते. स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नका.

बरेच जण आठवड्याभरात कामावर जातात. थकवा मात्र रेंगाळतो.

१०. गाठ वाढलेली दिसली तर

पहिला एमआरआय साधारण सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पुढे दरवर्षी. आणि इथे खूप लोक उगाच घाबरतात. उपचारानंतर साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या काळात कानाच्या नसेवरची गाठ सुजून आधीपेक्षा मोठी दिसू शकते. मध्यभागी काळसर डागही दिसतो. स्थानिक सेंटरच्या रिपोर्टवर ‘आकार वाढला’ असं येतं आणि घरात रडारड सुरू होते. बहुतेकदा ही तात्पुरती सूज असते आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत उतरते. त्या काळात केवळ एका रिपोर्टवरून ऑपरेशनला होकार देऊ नका. ज्यांनी रेडिओसर्जरी केली, त्यांना सीडी दाखवा.

थांबू नये अशी लक्षणं वेगळी आहेत: वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, गुंगी, तोल अचानक जास्त जाणं, चेहरा वाकडा होणं, फिट येणं, नजर कमी होणं. यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

दहा वर्षांनीसुद्धा नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांची कानाच्या नसेवरची गाठ आटोक्यात राहते आणि चेहऱ्याची नस क्वचितच दुखावते. ऐकण्याचं तसं नाही. उपचारानंतर शिल्लक असलेलं ऐकणं पुढच्या वर्षांत हळूहळू उतरतं आणि कानातला आवाज बहुधा तसाच राहतो. रेडिएशनमुळे पुढे कधी दुसरी वाईट गाठ होण्याचा धोका अगदी थोडा आहे, पण शून्य नाही. विशेषतः तरुण रुग्णांनी तो विचारून घ्यावा. पिट्युइटरीवर रेडिएशन झालं असेल तर हार्मोनच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालू ठेवाव्या लागतात, कारण ग्रंथीचं काम उशिरानेही मंदावू शकतं.

तोल जातोय असं वाटत असेल तर फिजिओथेरपिस्टकडे त्याचे खास व्यायाम असतात. रोज केले तर फरक पडतो. एका कानाने ऐकू येणं गेलं असेल तर ऑडिओलॉजिस्टला ‘क्रॉस’ प्रकारच्या यंत्राबद्दल विचारा. ते बंद कानाकडचा आवाज चांगल्या कानाकडे पोचवतं. आणि दरवर्षी एमआरआयला जाताना उपचाराच्या दिवशीची सीडी सोबत न्या. तुलना गेल्या वर्षीशी नको, त्या दिवसाशी करायला सांगा.